रेकॉर्ड प्लेअरला रेलिंग

मी एक जुना लोखंडी स्टँड आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेत दर वर्षी नदीला, वडाच्या झाडाला आणि फाटक्या छत्रीला आपली कहाणी सांगायला बोलावतात, हे मी ऐकून आहे. मला आजवर कोणी बोलावलेलं नाही. छत्रीचं निदान काहीतरी फाटलेलं तरी असतं. मी जसा होतो तसाच आहे, फक्त गंजलो आहे. पण बोरीवलीच्या या गॅलरीत उभं राहून मला दुसरा उद्योग नाही. माझ्या अंगावर तुळस, कोरफड आणि जिचं नाव कोणालाच माहीत नाही अशी एक वेल, एवढ्या कुंड्या आहेत. त्या मुकाट्याने ऐकतात. तुम्हीही ऐका.

माझा जन्म त्र्याऐंशी साली चारकोपला, इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्याच्या कोपऱ्यात झाला. माझ्या जन्माला कारण झाली ती एका आजींची डावी टाच.

हे जरा उलगडून सांगतो. विद्याधरराव विमा कचेरीत नोकरीला होते आणि त्यांना गाण्याचा नाद होता. बरीच वर्षं मनात घोळवून त्यांनी अखेर एक रेकॉर्ड प्लेअर, लॅमिंग्टन रोडवरच्या कारागिराकडून जोडून घेतलेला एक अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर घरी आणले आणि हॉलमधल्या टीपॉयवर मांडले. टीपॉय त्यांच्या लग्नात आहेर म्हणून आलेला होता, आणि आहेरात आलेल्या बहुतेक वस्तूंसारखा तोही एका पायाने अधू होता.

विद्याधररावांच्या आई, रत्नप्रभाबाई, यांची डावी टाच दुखायची. ती टेकवायला नको म्हणून त्या सगळा भार उजव्या पायावर टाकत. तो उजवा पाय लादीवर असा पडे की टीपॉय हले, रेकॉर्डवरची सुई उडे आणि गायक अंतरा अर्धा टाकून भलत्याच ठिकाणी जाऊन उभा राही. आई स्वयंपाकघरातून देवघराकडे निघाल्या की मोठा ख्याल बघता बघता आटपायचा.

आईंनाही हे कळत होतं. त्या म्हणायच्या, "तुझं गाणं लागलं की मी बसूनच राहते रे. उगाच तो बिचारा घसरतो."

आपली आई आपल्याच घरात अशी गायकाला जपून बसून राहते, हे विद्याधररावांना बरं वाटेना. टाचेवर डॉक्टरांनी आधीच उपाय सांगितला होता. घरातसुद्धा जाड रबरी चपला घालायच्या, एक पाऊलही अनवाणी टाकायचं नाही. छातीही जपायला सांगितली होती, कारण ती अधूनमधून धडधडायची. म्हणजे आईचं झालं. राहिला टीपॉय. त्यावर उपाय म्हणून विद्याधररावांनी मला करवून घ्यायचं ठरवलं.

त्यांच्या पत्नी वसुधाताई म्हणाल्या, "अहो, सगळ्यांकडे सनमायकाचं शोकेस असतं. काचेच्या आत बाहुल्या ठेवता येतात."

"शोकेस हलतं. मला न हलणारं काहीतरी हवंय. परवा एका परदेशी मासिकात फोटो पाहिला मी. नुसतं लोखंड. रंगसुद्धा नाही. कारखान्यात असतं तसं."

"म्हणजे लोक कारखान्यातून सुटून घरी येतात, आणि आपण कारखानाच घरी आणायचा."

"तिकडे फॅशन आहे ती."

"तिकडे धूळ कोण पुसतं?" वसुधाताईंनी विचारलं. याचं उत्तर मासिकात नव्हतं.

कारखान्यात असतं तसं करायला कारखान्यातलाच माणूस मिळाला. त्याचं नाव दशरथ. लालबागच्या एका मिलमध्ये तो फिटर होता. आदल्या वर्षी मिलांचा संप लागला, लांबला आणि लांबतच गेला. मग मेव्हण्याच्या ओळखीने दशरथ चारकोपच्या गाळ्यात वेल्डिंग करू लागला. गाळा दुसऱ्याचा, वेल्डिंगचं मशीन दुसऱ्याचं, कामंही दुसऱ्याच्या नावावर. त्याने स्वतःच्या नावावर घेतलेलं पहिलं काम म्हणजे मी. "ह्या चांगला झाला तर धा माणसा बघतली," असं त्याने बायकोला, सुगंधाला, सांगितलं होतं. ते धा लोक मला त्या वेळी माहीत नव्हते.

माप घ्यायला तो घरी आला तेव्हा रेकॉर्ड प्लेअरभोवती एक फेरी मारून त्याने विचारलं, "ह्या काय करता?"

"फिरतं," विद्याधरराव म्हणाले.

"किती?"

"मिनिटाला तेहतीस फेरे."

दशरथला जरा वाईट वाटलेलं दिसलं. त्याच्या मिलमधल्या सूत कातायच्या चात्या मिनिटाला हजारांनी फिरायच्या. पण फिरणं ते फिरणं. "फिरता ना? मग फुडे रेलिंग व्हया."

"रेलिंग? ते कशाला?"

"कोणाचा धोतर अडाकला, पदर अडाकलो तर?"

"अरे, रेकॉर्डमध्ये पदर नाही अडकत."

दशरथने डाव्या हाताची करंगळी वर केली. तिचं टोक मिलमध्येच राहिलं होतं. "माका पण असाच वाटलेला."

विद्याधररावांनी करंगळीकडे पाहिलं. "दे रेलिंग," ते म्हणाले.

मग अ‍ॅम्प्लिफायरचं माप निघालं. मित्रांनो, आपल्याकडे घरात कुठलंही यंत्र आलं की पहिल्याच आठवड्यात त्याला विणलेलं कव्हर मिळतं. अ‍ॅम्प्लिफायरलाही वसुधाताईंनी क्रोशाचं, खाली झालर असलेलं कव्हर केलं होतं. त्या चहाचा ट्रे घेऊन बाजूलाच उभ्या होत्या, त्यामुळे कव्हर काढूया असं म्हणायचं धाडस दोघांनाही झालं नाही. दशरथने झालरीच्या काठापासून वर टेप धरली आणि उंची घेतली. झालरीच्या खाली अ‍ॅम्प्लिफायरला चार रबरी पाय होते. ते मापात आले नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दशरथला घरातल्या वस्तू करायची सवय नव्हती. त्याला माहीत होती ती मशीनची बैठक. म्हणून त्याने मला असा केला, की उद्या माझ्यावर माग चढवला असता तरी मी हूं की चूं केलं नसतं. माझे पाय म्हणजे जाड पाइप. पाइप पोकळ राहिला तर घुमेल, म्हणून गोराईच्या खाडीवरून वाळू आणून ती आत ठासली आणि वर लोखंडी टोपणं वेल्ड करून टाकली. माझे कप्पे म्हणजे अँगलच्या चौकटीत बसवलेले जाड पत्रे. पायांच्या तळाशी बोल्ट, लादी वरखाली असली तर मला समतल करायला. आणि सगळ्यात वरच्या कप्प्यासमोर, उभ्या माणसाच्या पोटाच्या उंचीवर, गोल दांडीचं रेलिंग. रंग नकोच होता. बाकी अंगावर तेलाचा हात फिरवला, पण रेलिंग मात्र दशरथने पॉलिश पेपरने इतकं घासलं की त्यात तोंड दिसावं. त्याच्या हातची सगळी हौस त्या दांडीत गेली होती.

गाळ्यातली माणसं येऊन मला हलवून बघायची. मी हलायचो नाही. "काय रे दशरथ, तोफ ठेवणार काय ह्याच्यावर?" एकाने विचारलं.

"गाणा," दशरथ म्हणाला.

चारकोपहून बोरीवलीपर्यंत मी हातगाडीवरून आलो. जिन्यातून मला वर न्यायला चार माणसं लागली आणि त्यांनी प्रत्येक मजल्यावर माझ्या बापाची, म्हणजे दशरथची, आठवण काढली. दशरथ त्या चारांतलाच एक होता.

हॉलमध्ये मला उभं केल्यावर कळलं, की अ‍ॅम्प्लिफायर मधल्या कप्प्यात जात नाही. अगदी थोडक्यासाठी अडतो आहे. दशरथचं तोंड उतरलं. परत न्यायचं तर परत ती चार माणसं. विद्याधररावांना त्याची दया आली आणि त्यांनी चहा पिता पिता स्क्रू ड्रायव्हरने अ‍ॅम्प्लिफायरचे रबरी पायच काढून टाकले. अ‍ॅम्प्लिफायर सर्रकन आत गेला. त्याचा पत्र्याचा तळ माझ्या उघड्या लोखंडावर चपखल बसला. सगळ्यांनी मान डोलावली.

त्याच्या वायरला तीन पिनांचा प्लग होता आणि भिंतीवरच्या बोर्डाला तीन भोकं होती. तिसरं भोक अर्थिंगचं असतं. यंत्रातली वीज चुकून बाहेर झिरपली तर तिला त्या वाटेने जमिनीत जाता यावं, म्हणून. आमच्या बोर्डात तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. बिल्डरने भोक दिलं होतं, तेवढं पुष्कळ होतं.

पहिली रेकॉर्ड लागली. "आई, आता चाल," विद्याधरराव म्हणाले. आई उठल्या आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मुद्दाम चालून आल्या. उजवा पाय नेहमीसारखाच धप्प पडला. गायक हलला नाही. त्या आणखी एकदा चालल्या. मग माझ्यासमोर थांबून माझ्या रेलिंगवर थाप मारत म्हणाल्या, "बरा उभा आहे हो मेला."

माझ्या आयुष्यातली ही पहिली स्तुती. पुढच्या पावणेदोन महिन्यांत दुसरी झाली नाही. बिल्डिंगमधले लोक यायचे, मला बघायचे आणि विचारायचे, "रंग कधी देणार?" गाणं ऐकायला कोणी थांबायचं नाही. विद्याधरराव खुर्ची पुढे करायचे, "बसा ना, आवाज तर बघा," म्हणायचे. लोकांना नेमकं कुकर लावलेला आठवायचा.

मग गणपती आले.

दर वर्षी गणपती टीपॉयवर बसायचे. पण टीपॉय माझ्या येण्याबरोबर भंगारवाल्याकडे गेला होता. हॉल केवढा, तर मी आणि दोन खुर्च्या ठेवल्या की भरला. म्हणून रेकॉर्ड प्लेअर कपाटावर गेला, माझ्या वरच्या कप्प्यावर पाट ठेवला, पाटावर मूर्ती आली. मधल्या कप्प्यात अ‍ॅम्प्लिफायर होता तिथेच राहिला. विद्याधररावांनी त्याला टेप जोडून सकाळपासून आरत्यांची कॅसेट लावून दिली.

पहिल्या दिवशी मूर्ती बसल्यावर आईंनी हात जोडून स्पष्ट सांगितलं, "हे बघ, पायात चपला आहेत माझ्या. रबराच्या आहेत. डॉक्टरांनी सांगितलंय. तू काही मनात आणू नकोस." देव काही बोलला नाही. ते त्यांनी होकारार्थी धरलं.

दर्शनाला पहिले आले सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर. बाहेरून आले म्हणून पाय धुतले, हात धुतले, ओल्याच पायांनी हॉलमध्ये आले. रेलिंग मध्ये असल्यामुळे मूर्तीच्या पायांपर्यंत हात पोचेना, म्हणून त्यांनी रेलिंगलाच हात लावला. आणि तसेच उभे राहिले.

"विद्याधर," ते हळूच म्हणाले, "मुंग्या आल्या. पार दंडापर्यंत."

"कसल्या?"

"ते मी कसं सांगू? पण दादरपासून विरारपर्यंतचे गणपती बघतोय मी. असं कुठे झालं नाही. मूर्ती जागृत आहे तुमची."

स्वयंपाकघरातून वसुधाताई म्हणाल्या, "आमच्या फ्रिजलाही तसंच होतं. मी फडक्याने उघडते."

पण नंदकिशोर तोवर जिन्यात पोचले होते. सेक्रेटरी म्हणून ते पाण्याची नोटीस लावायला आठवडा घ्यायचे. ही बातमी त्यांनी संध्याकाळपर्यंत आजूबाजूच्या पाच बिल्डिंगांना दिली.

दुसऱ्या दिवशी रांग जिन्यातून खाली गेली. लोक पाय धुऊन येत, रेलिंगला हात लावत आणि डोळे मिटत. कोणाला मुंग्या आल्या, कोणाला शहारा आला. एका गृहस्थांना काहीच आलं नाही, पण मागे रांग होती म्हणून त्यांनीही डोळे मिटले. मित्रांनो, मी यातलं काही करत नव्हतो. मी लोखंड आहे. माझ्याकडे एका बाजूने जे येतं ते मी दुसऱ्या बाजूला देतो.

दुपारी गर्दी ओसरल्यावर विद्याधररावांनी टेस्टर आणला, जो स्क्रू ड्रायव्हरसारखा असतो आणि वीज लागली की ज्याच्या पोटात तांबडा दिवा लागतो तो, आणि माझ्या रेलिंगला टेकवला. तांबडा दिवा लागला. अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. दिवा विझला. परत चालू केला. परत लागला. सगळा उलगडा झाला: अ‍ॅम्प्लिफायरमधून झिरपणारी वीज तळाच्या पत्र्यातून माझ्यात उतरत होती आणि लोकांच्या ओल्या पायांतून लादीत जात होती. त्यांनी टेस्टर खिशात ठेवला आणि अ‍ॅम्प्लिफायर चालूच ठेवला.

"फ्रिजचंच ना?" वसुधाताईंनी विचारलं.

"हळू बोल."

"अहो, कोणाला काही झालं तर?"

"नुसत्या मुंग्याच तर आहेत. आणि ऐकलंस का, आज तिघांनी विचारलं, आवाज एवढा स्वच्छ कसा येतो म्हणून. बसून ऐकत होते गं लोक."

वसुधाताईंनी त्यांच्याकडे, फ्रिजकडे बघायच्या तसं पाहिलं आणि त्या मोदकांकडे वळल्या.

या सगळ्यात एका माणसाला मात्र काहीच येत नव्हतं. आई सकाळी पूजेच्या वेळी रेलिंगला हात लावायच्या, दुपारी नैवेद्याला लावायच्या, संध्याकाळी लावायच्या. जाड रबरी चपलांमधून वीज जात नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी मी नुसतंच थंडगार लोखंड होतो. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, आपला हात नीट लागला नसेल. दुसऱ्या दिवशी त्या पदराने हात पुसून आल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही, आणि प्रसाद वाटायचं कामही वसुधाताईंकडे देऊन त्या आतल्या खोलीत जाऊन बसल्या.

विद्याधरराव बोलवायला गेले. खोलीचं दार माझ्या बाजूलाच असल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"सगळ्या बिल्डिंगला शहारा येतो," आई म्हणाल्या. "मला येत नाही."

"आई, असं काही नसतं गं."

"नसतं कसं? नंदकिशोरला येतो. तो दूधवाल्याशी कसा बोलतो माहितीये ना तुला? त्याला येतो. मी लग्न होऊन आल्यापासून याचे मोदक वळतेय, आणि माझ्याकडे पाठ."

विद्याधररावांचा हात खिशाकडे गेला.

"चपलांमुळेच आहे ते," आई म्हणाल्या. "मी विचारलं होतं त्याला. पण मनातून त्याला आवडलेलं नाही."

मित्रांनो, कारण त्यांनी अगदी बरोबर शोधलं होतं. फक्त खातं चुकलं होतं. विद्याधररावांना त्या वेळी टेस्टर दाखवता आला असता. तो खिशात होता. पण बाहेर रांग उभी होती आणि कोणीतरी आवाज जरा मोठा करायला सांगत होतं. ते बाहेर आले आणि त्यांनी आवाज मोठा केला.

त्याच दिवशी दशरथ आला. सुगंधाही बरोबर होती. दर वर्षी गणपतीला तो गावाला जायचा. यंदा मिलच बंद, तर कुठलं गाव. त्याने पाय धुतले, आणि आपल्या हातची दांडी म्हणून जरा कौतुकानेच रेलिंग धरलं. पुढच्या क्षणी सोडलं. नमस्कार केला, विद्याधररावांकडे पाहिलं, आणि दोघं गॅलरीत गेले.

"साहेब, ह्यो देव न्हय. ह्यो करंट."

"माहितीये मला."

"मग?"

"मग काय? तुला येताना किती जणांनी विचारलं, असाच स्टँड करून दे म्हणून?"

दशरथ पायाकडे बघत म्हणाला, "जिन्यातच सात-आठ जणांनी गाठला. रेलिंगसकट व्हया म्हणतत. खालचे ते सेक्रेटरी तर म्हणतत, देवळासाठी करू या." मग जरा थांबून म्हणाला, "सांगितला तर एक पण येवचो नाय."

"म्हणून तर."

"तुमचो बाजो पण ऐकतत लोक," दशरथ म्हणाला.

एकमेकांच्या भल्यासाठी गप्प बसणं फार सोपं असतं. शेवटी दशरथ म्हणाला, "तुमच्या आवशीक तरी सांगा. सुगंधा म्हणत होती, त्या जेवूक पण नाय."

"विसर्जन झालं की सांगतो."

पाचव्या दिवशी विसर्जन होतं. संध्याकाळी हॉल भरला. उत्तरपूजेआधीची आरती चालू झाली. तबक विद्याधररावांच्या हातात होतं, कॅसेट जोरात लागली होती, नंदकिशोर टाळ वाजवत होते, दशरथ आणि सुगंधा दारापाशी उभे होते. आणि आतून आई आल्या.

त्यांच्या पायांत चपला नव्हत्या. न्हाणीघरात जाऊन त्यांनी पाय धुतले होते, अगदी पहिल्या पावलापासून लादीवर ओले ठसे उमटत होते. भिंतीला धरून, डावा पाय चवड्यावर उचलून त्या येत होत्या. लोकांनी वाट दिली.

विद्याधररावांनी ते ठसे पाहिले, आणि त्यांना आईची छाती आठवली. त्यांनी तबक नंदकिशोरच्या हातात कोंबलं, गुडघ्यांवर बसले आणि माझ्या मागे शिरले. माझ्या आणि भिंतीच्या मधल्या जागेत एक माणूस मावत नाही, ते मावले. आईंचा हात रेलिंगवर पडायच्या आत त्यांनी प्लग उपटला.

कॅसेटचा आवाज बंद झाला. आणि हॉलमधल्या कोणालाच आरतीचं पुढचं कडवं येत नाही, हे उघड झालं.

"लाइट गेली वाटतं," कोणीतरी म्हणालं. डोक्यावर दिवा लख्ख चालू होता.

आईंना यातलं काही कळलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी माझं रेलिंग धरलं. माझ्यात आता काहीही नव्हतं; मी चारकोपच्या गाळ्यात होतो तितकाच रिकामा होतो. त्यांनी डोळे मिटले, मान खाली वाकवली, आणि वाकताना त्यांचा तोल डाव्या बाजूला गेला. किती महिन्यांत टेकलं नव्हतं ते डावं पाऊल, सगळ्या भारानिशी, उघड्या लादीवर टाचेवर पडलं.

त्यांची बोटं माझ्यावर एकदम आवळली गेली. अंग शहारलं. डोळ्यांतून पाणी आलं.

"आला," त्या म्हणाल्या. मोठ्याने नाही, शेजारच्याला सांगावं तसं. "आला रे विद्या. पायापासून पार डोक्यापर्यंत."

विद्याधरराव माझ्या मागे, हातात प्लग घेऊन, जमिनीवर बसले होते. वसुधाताईंनी तो प्लग पाहिला. आईंचा चेहरा पाहिला. मग त्या न्हाणीघराच्या दाराशी गेल्या, तिथल्या रबरी चपला उचलून आणल्या, फडक्याने पुसल्या आणि आईंच्या पायांपुढे ठेवल्या.

"आई, चपला घाला आता," त्या म्हणाल्या. "त्याचा राग गेला."

आईंनी चपला घातल्या आणि पाच दिवसांत पहिल्यांदा मोदक मागितला.

उत्तरपूजा झाली. मूर्ती उचलायच्या आधी नंदकिशोरनी शेवटचा म्हणून रेलिंगला हात लावला आणि मान हलवली. "गेला. उत्तरपूजा झाली ना, आता मूर्तीत देव नाही." सगळ्यांना ते पटलं. मिरवणूक गोराईच्या खाडीकडे गेली, आणि मी हॉलमध्ये एकटा राहिलो. प्लग माझ्या पायाशी पडून होता.

गणपती गेल्यावर विद्याधररावांनी वायरमन बोलावून तिसऱ्या भोकामागे तार ओढून घेतली. दशरथने येऊन माझा मधला कप्पा खाली घेतला, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला त्याचे पाय परत मिळाले. हे दोघांनी एकमेकांशी फारसं न बोलता केलं. दशरथला स्टँडची कामं खरोखरच मिळाली. ती त्याने सगळी लाकडाच्या फळ्या आणि रंगवलेलं रेलिंग देऊन केली. पुढच्या वर्षी काही लोक तक्रार घेऊन त्याच्याकडे गेले, की आमच्याकडे काही येत नाही. दशरथ म्हणाला, "लोखंड माझा. देव तुमचो." पुढे त्याने त्याच इस्टेटमध्ये अर्धा गाळा घेतला. मिल काही त्याच्यासाठी पुन्हा उघडली नाही.

पुढच्या वर्षीही गणपती माझ्यावरच बसले. रांग लागली, पण कोणालाच काही आलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून फक्त नेहमीचे लोक आले. तेव्हा एका दुपारी विद्याधररावांनी आईंना समोर बसवून सगळं सांगितलं. अ‍ॅम्प्लिफायर, पत्रा, तिसरं भोक, रबरी चपला, सगळं. आईंनी मधे एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे त्या सगळ्यांना यायचं ते तारेतून," त्या म्हणाल्या.

"हो आई."

"आणि मी हात लावला तेव्हा तू तार काढली होतीस."

"हो. तुला काही होऊ नये म्हणून."

आईंनी थोडा विचार केला. "मग मला आला तो कुठला?"

विद्याधररावांना विमा कचेरीत कठीण प्रश्नांची सवय होती, पण या वेळी ते उठून समईची वात सारखी करू लागले.

आईंनी मूर्तीकडे पाहिलं, मग मुलाकडे. "बाकीच्यांना सांगू नकोस हो," त्या म्हणाल्या. "वाईट वाटेल बिचाऱ्यांना."

मित्रांनो, तो कुठला होता हे मला ठाऊक आहे. आईंचे दोन्ही हात माझ्यावर होते, आणि त्या टाचेची आणि माझी ओळख माझ्या जन्माआधीपासूनची. पण लोखंडाला कोणी विचारत नाही, आणि विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं असं नाही.

नंतर घरात रंगीत टीव्ही आला आणि वसुधाताईंचं सनमायकाचं शोकेस आलं. टीव्ही त्यात बसला, काचेच्या आत बाहुल्या आल्या, आणि मी गॅलरीत आलो. आई गेल्या त्याला आता वर्ष होईल. खाडीची वाळू खारट असते हे दशरथच्या लक्षात आलं नव्हतं. माझा मागचा एक पाय आतून खाल्ला गेला आहे आणि त्यातून रोज चिमूटभर वाळू सांडते. वसुधाताई रोज ती झाडतात आणि रोज म्हणतात, याला एकदा रंग द्यायला हवा. रेलिंगवर ओली फडकी वाळत घालतात. कोणाचाही पदर आजवर माझ्यात अडकलेला नाही, हे दशरथला कोणीतरी कळवा.

मला तेलाचा हात मिळाला तर आवडेल, पण त्यासाठी मी एवढं बोललो नाही. तुम्ही आज घरी गेलात की बोर्डाच्या तिसऱ्या भोकामागे तार आहे का, हे वायरमनला बोलावून बघायला वडिलांना सांगा. भोकावर विश्वास ठेवू नका, आणि स्वतः बोट घालू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या चालण्याने तुमचं गाणं घसरत असेल, तर त्यांना बसवून ठेवू नका. टेबल बदला.